मऊ बोल्ट

वाडा तालुक्यात, वैतरणेच्या खोऱ्यात, एक काकी आणि तिचा पुतण्या एकत्र शेती करत होते. खाली ओहोळाच्या काठी तीन एकर भातजमीन, वर पाच एकर वरकस माळ. गोठ्यात चार म्हशी. काकीचा नवरा गेला, मागोमाग दीरही गेला, पण जमिनीची वाटणी करावी असं त्या दोघांच्या मनात कधी आलं नाही. काकीला गुरांचं आणि गवताचं कळे, पुतण्याला यंत्रांचं. घर त्यावर चालत होतं.

या भागात गवताचा धंदा जुना आहे. जोगेश्वरी-गोरेगावकडच्या तबेल्यांतल्या म्हशींना ठाण्या-पालघरच्या माळांनी वर्षानुवर्षं कोरडं गवत पुरवलं. काकीच्या घरचा माळ मात्र दर भाद्रपदात व्यापारी उभाच घेई. एकरकमी पैसे हातावर ठेवी, आपले मजूर आणी, कापून, वाळवून, दाबून नेई. त्यात व्यापाऱ्याला जे सुटायचं ते पाहून पुतण्याचा जीव तुटायचा. शिवाय मजुरांचंही आता खरं नव्हतं. भातकापणी आणि गवतकापणी एकाच वेळी येते, आणि दिवाळी झाली की माणसं वीटभट्ट्यांवर निघून जातात. गवत मात्र कोणासाठी थांबत नाही. पवन्या, शेडा, मारवेल ही गवतं फुलोऱ्यात असताना कापली तर त्यांत कस असतो. आठपंधरा दिवस उशीर केला की काडी राठ होते, आणि माळात कुसळी असेल तर तिची कुसळं पिकून गुरांच्या तोंडात रुततात.

म्हणून एका वर्षी पुतण्या म्हणाला, "काकी, यंदा माळ उभा द्यायचा नाही. आपणच कापू, आपणच गठ्ठे बांधू, आणि थेट तबेल्याला देऊ."

"बांधणार कशानं?"

"बेलर घेऊ. जुना."

काकी नाही म्हणाली नाही. तिनं फक्त विचारलं, "जुना म्हणजे किती जुना?"

पाच एकरांच्या माळाला नवा बेलर परवडत नाही, हे कोणीही हिशेब मांडून पाहावं. हंगामातले मोजके दिवस चालणाऱ्या यंत्रासाठी वर्षभर हप्ते भरत बसायचे, तर गवत नेमकं कोणासाठी कापायचं? लहान शेतकऱ्यानं जुनं यंत्र घेण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त ते डोळे उघडे ठेवून घ्यावं लागतं, आणि घेतल्यावर त्याचं म्हणणं ऐकावं लागतं.

घरात काकाच्या वेळचा एक ट्रॅक्टर होता. गवत कापायला त्याच्यामागे जोडायचं मोवर तालुक्यातच एकाकडे मिळालं. पाती झिजलेली, बाकी धडधाकट. बेलर भिवंडीबाहेरच्या एका यार्डात उभा होता, हरियाणातून आलेला. पुतण्यानं जाताना कुडूसच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बरोबर नेलं, हे त्यानं फार शहाणपणाचं केलं.

बेलरला नुकताच लाल रंग मारला होता. मिस्त्रीनं खिशातून खिळा काढला आणि सांध्यासांध्यावर रंग खरवडून पाहिला. एके ठिकाणी खाली वेल्डिंगची रेघ निघाली. "हे चालेल," तो म्हणाला, "जोड चांगला घेतलाय." मग त्यानं गाठ मारणाऱ्या भागापाशी तोंड नेलं. सुतळीची गाठ वळणारी चोच असते, तिच्यावरून त्यानं अंगठा फिरवला. दोन्ही सुया सरळ आहेत का ते एक डोळा मिटून पाहिलं. गवत दाबणारा दट्ट्या हातानं हलवून त्याचा खडखडाट ऐकला. सगळ्यात शेवटी जड फ्लायव्हील हातानं सावकाश फिरवत गाठ मारण्याची एक पूर्ण फेरी घातली. सुया वर आल्या, चोच वळली, सुया खाली गेल्या. कुठं काही अडलं नाही.

फ्लायव्हीलपाशी तो थांबला. तिथं एक बोल्ट होता, करंगळीएवढा. मिस्त्रीनं तो पान्यानं काढून पुतण्याच्या तळहातावर ठेवला.

"हा नीट बघ. हा शिअर बोल्ट. ट्रॅक्टरची सगळी ताकद फ्लायव्हीलवरून ह्याच्यातूनच पुढं गिअरबॉक्सला जाते. हा मऊ लोखंडाचा असतो, आणि मऊच ठेवायचा. आत दगड आला, खोड आलं, गवताचा मोठा लोळ आला, की हा तुटतो. हा तुटला म्हणजे बाकीचं वाचलं."

"आणि सारखा तुटला तर?"

"तर का तुटतोय ते शोधायचं."

घरी आल्यावर मिस्त्रीनं मूठभर बोल्ट एका पत्र्याच्या डब्यात घालून दिले. त्याचे पैसे त्यानं वेगळे घेतले नाहीत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस उघडला. पहिले दोन एकर पुतण्यानं सकाळचं दव उडाल्यावर कापले. कापलेलं गवत जागच्या जागी पसरून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी काकीनं आणि शेजारच्या दोन बायांनी दाताळ्यांनी ते उलथंपालथं केलं. हिरव्या गवतात चार भागांपैकी जवळजवळ तीन भाग पाणीच असतं. गठ्ठा बांधताना ते शंभरात पंधराच्या आसपास यावं लागतं. हे मोजायला काकीकडं यंत्र नव्हतं. ती ढिगाच्या तळातून, जिथं ऊन पोचलेलं नसतं तिथून, मूठभर गवत उपसायची आणि दोन्ही हातांनी दोरीचा पीळ घालतात तसा पीळ द्यायची. काडी कडकन तुटली तर गवत झालं. नुसती वाकली, हाताला गार लागली, तर आणखी एक ऊन. काडीचं पेर ती नखानं दाबून पाहायची, कारण पान आधी वाळतं आणि पेर सगळ्यात शेवटी. मिस्त्रीनं तिला आणखी एक खूण सांगितली होती: कोरड्या बरणीत गवताचे तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून झाकण लावायचं आणि बराच वेळ हलवायचं, मीठ सुटं राहिलं तर गवत कोरडं, गोळा झालं तर ओलं. काकीनं एकदा ते करून पाहिलं. मिठाचा आणि तिच्या हाताचा निकाल एकच आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेलर चालला. एक बोल्ट तुटला, कारण कुड्याचं एक जुनं खोड गवतात लपलं होतं. पुतण्यानं ट्रॅक्टर बंद केला, खोड उपसून बांधावर टाकलं, नवा बोल्ट घातला. संध्याकाळपर्यंत माळावर सुबक गठ्ठे ओळीनं पडले. हलके, आतून हिरवट, नाकाला गोड. काकीनं त्यातला एक उचलून पाहिला आणि हसली. गावातली माणसं बघायला आली. व्यापाऱ्यानंही फोन केला.

तबेल्यापर्यंत माल न्यायचा तर ट्रक लागणार, आणि ट्रक त्या व्यापाऱ्याचाच होता. तो म्हणाला, "चांगलं केलंत. परवा संध्याकाळी गाडी पाठवतो. पण पूर्ण भरली पाहिजे. अर्धी गाडी मला परवडत नाही."

गाडी पूर्ण भरायची तर आणखी दोन एकरांचे गठ्ठे लागणार होते. ते गवत कापून जेमतेम दीड दिवस झाला होता, आणि मधल्या एका दुपारी ढग दाटून आले होते. पाऊस पडला नाही, पण ऊनही पडलं नाही.

पुतण्याला काळजी नव्हती असं नाही. तो आळशी नव्हता, बेफिकीर तर नव्हताच. गाडी चुकली तर काय, हे त्याला रात्रभर टोचत राहिलं, आणि तो सकाळी आठलाच ट्रॅक्टर घेऊन माळावर गेला. ऑक्टोबरात तिकडं सकाळी इतकं दव पडतं की माळ ओलांडताना पायजमा पोटऱ्यांपर्यंत भिजतो.

पहिल्या फेरीतच बोल्ट तुटला. त्यानं खाली उतरून पाहिलं. दगड नाही, खोड नाही. नवा बोल्ट घातला. वीस-पंचवीस पावलांवर तोही तुटला. तिसरा जरा जास्त टिकला. चौथा तुटला तेव्हा डबा रिकामा झाला होता.

काकी चहा घेऊन आली होती. तिनं ओळीत वाकून मूठभर गवत उचललं, पीळ दिला. काडी वाकली.

"बाबू, हे झालं नाही अजून. उद्या दुपारी बांध."

"उद्या दुपारी बांधलं तर संध्याकाळी गाडी कशी भरणार, काकी? वरच्या अंगाला वाळलंय. यंत्राचंच काहीतरी बिनसलंय, बोल्ट हलके दिलेत मिस्त्रीनं."

काकी गप्प झाली. गाडीच्या पैशातून गोठ्याचा पत्रा बदलायचा होता, ते तिलाही आठवत होतं.

पुतण्या मोटारसायकलवर कुडूसला गेला. मिस्त्री त्या दिवशी कल्याणला गेला होता. हार्डवेअरच्या दुकानात त्यानं तुटलेला बोल्ट दाखवला आणि म्हणाला, याच मापाचा द्या, पण न तुटणारा. दुकानदारानं जे मागितलं ते दिलं. बोल्टच्या डोक्यावर 10.9 असा आकडा कोरलेला होता. साध्या मऊ बोल्टवर 4.6 असतो, किंवा काहीच नसतं. हे आकडे शोभेचे नसतात, 10.9 चा बोल्ट तुटायला 4.6 च्या बोल्टपेक्षा अडीच पट ओढ लागते.

तो बोल्ट घातला आणि बेलर चालायला लागला. एकदाही थांबला नाही. दट्ट्याचा आवाज जरा जड येत होता, ट्रॅक्टर अधूनमधून दबत होता, पण गठ्ठ्यामागून गठ्ठा बाहेर पडत होता. दुपारी काकीनं पुन्हा विचारलं, तेव्हा पुतण्या मोठ्या आनंदानं म्हणाला, "बघ काकी, आता बोल्ट तुटत नाही. म्हणजे गवत वाळलंय!"

सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. सकाळी बोल्ट तुटत होता, कारण ओलं गवत जड असतं, चिवट असतं, पात्यानं कापलं जात नाही आणि दट्ट्यापुढं गोळा होऊन अडतं. दुपारी गवत फारसं बदललं नव्हतं. बदलला होता तो बोल्ट. सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं, आणि आता तक्रार येत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं पुतण्या मानून चालला. घरात, गावात, संस्थेत आपण किती वेळा हेच करतो, ते ज्याचं त्यानं आठवून पाहावं.

दिवस कलला. शेवटची ओळ उरली होती. हवा गार झाली आणि गवत पुन्हा नरमलं. ओळीच्या टोकाला वळणावर गवताचा एक मोठा लोळ साचला होता, तो बेलरनं एकदम आत ओढला. दट्ट्या अडला. मऊ बोल्ट असता तर तिथंच तुटला असता, आणि फ्लायव्हील मोकळं फिरत राहिलं असतं. हा बोल्ट तुटला नाही. फ्लायव्हीलचा सगळा भार पुढं गेला, आणि बेलरमधून असा आवाज आला की खाली भातात काम करणारी माणसं उठून उभी राहिली. गिअरबॉक्सचं बिडाचं आवरण चिरलं होतं. आतल्या दोन दात्यांचे तुकडे गवतात पडले. काळं तेल गठ्ठ्यावर सांडलं. बोल्ट जागच्या जागी, नव्यासारखा.

पण त्या संध्याकाळी पुतण्याला वाटलं, यंत्र गेलं तरी माल तर हाती आला. दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. व्यापाऱ्याचा निरोप आला की ट्रक दुसरीकडं अडकलाय, आठवड्यानं येईल. मग सगळे गठ्ठे गोठ्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये आढ्यापर्यंत रचले. पहिल्या दोन एकरांचे कोरडे एका बाजूला, नंतरचे दुसऱ्या बाजूला. ही वाटणी काकीनं हट्टानं करून घेतली. दोन्ही ढिगांत माणूस जाईल एवढी वाटही तिनं सोडायला लावली.

कापलं म्हणजे गवत मेलं असं नसतं. ओल असेल तोवर काडी श्वास घेत राहते, आणि त्यातून ऊब निघते. मग बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात, ते आणखी ऊब काढतात. उघड्यावर ही ऊब वाऱ्यावर जाते. पण गठ्ठा घट्ट बांधला, त्याच्यावर दहा गठ्ठे रचले, की तिला जायला वाट नसते. पन्नास-साठ अंशांवर गवत तपकिरी पडतं, त्यातली प्रथिनं म्हशीच्या उपयोगाची राहत नाहीत. सत्तरच्या पुढं गेलं की गवत आपोआप पेट घेण्याचा धोका उभा राहतो. हे रचल्या दिवशी होत नाही. दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त दिवस ढीग आतल्या आत तापत राहतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला शांत दिसतो.

सहाव्या दिवशी पहाटे दूध काढताना काकीला वास आला. गोडसर, तंबाखूच्या वखारीत येतो तसा. म्हशी शेडच्या बाजूला तोंड करून उभ्या होत्या. काकीनं पुतण्याला उठवलं नाही. आधी तिनं लोखंडी पहार आणली आणि दुसऱ्या ढिगात दोन गठ्ठ्यांच्या फटीतून आत खुपसली. दूध काढून झाल्यावर पहार ओढली आणि टोकाला हात लावला. हात तिनं झटक्यानं मागं घेतला. मग पहिल्या ढिगात तीच पहार खुपसली, तेवढाच वेळ ठेवली. ती थंड निघाली.

आता तिनं पुतण्याला हाक मारली.

तापलेला ढीग घाईनं उपसायचा नसतो. आत हवा शिरली की धुमसणारं गवत भडकतं. काकीनं सासऱ्याच्या तोंडून हे ऐकलेलं होतं. तिनं आधी म्हशी सोडून लांब आंब्याखाली बांधायला लावल्या. विहिरीवरून पाण्याची पिंपं भरून शेडपाशी आणली, गोणपाटं भिजवली, शेजारच्या चौघांना बोलावलं, तालुक्याला फोन करून ठेवला. वारा पडलेला होता तेवढ्यात, बाहेरच्या अंगानं, एकेक गठ्ठा काढत गेले. ढिगावर चढायला तिनं कोणाला दिलं नाही, कारण आत पोकळ जळालं असेल तर माणूस खाली जातो.

तिसऱ्या थरापासून वाफ येऊ लागली. मधले गठ्ठे आतून काळसर तपकिरी झाले होते, दोऱ्या कापल्या तर पुस्तकाच्या पानांसारखे थर सुटत होते, आणि प्रत्येक थरावर पांढरी भुकटी. ज्वाला कुठं दिसली नाही. उन्हं डोक्यावर येईपर्यंत शेडची ती बाजू मोकळी झाली आणि माळावर गठ्ठे वाफा टाकत विखरून पडले. कोणाला इजा झाली नाही, म्हशी वाचल्या, कोरडा ढीगही वाचला. दोन एकरांचं गवत गेलं.

मिस्त्री दुपारी आला. तो बेलर बघायला आला होता, पण आधी माळावर गेला, एक गठ्ठा फोडला, आत हात घातला. मग बेलरपाशी बसून त्यानं फ्लायव्हीलचा तो बोल्ट काढला. डोक्यावरचा आकडा वाचला. पुतण्या समोर मान खाली घालून उभा होता.

मिस्त्री रागावला नाही. म्हणाला, "डब्यातले चार बोल्ट तुटले ना? चारही जणांनी तुला एकच निरोप दिला, गवत ओलं आहे म्हणून. पाचवा तू असा आणलास की त्याला बोलताच येत नाही."

पुतण्या म्हणाला, "मला वाटलं बोल्ट कमकुवत आहेत."

"कमकुवतच आहेत. ते त्यांचं काम आहे. रुपयाची वस्तू तुटावी आणि लाखाची वाचावी म्हणून कोणीतरी विचार करून तिथं कमकुवत बोल्ट ठेवला. बोल्ट तुटला की ट्रॅक्टर बंद करावा लागतो, खाली उतरावं लागतं, गवताकडं बघावं लागतं. एवढंच त्याला पाहिजे असतं. आपल्याला थांबवतो तो आपला वैरी असं धरून चालू नकोस."

काकी जवळच होती. ती म्हणाली, "मिस्त्री, पोराला एकट्याला बोलू नका. काडी माझ्या हातात वाकली होती. मी एकदा सांगितलं आणि गप्प बसले. दोनदा सांगायला पाहिजे होतं."

त्यावर मिस्त्री काही बोलला नाही. त्यानं चिरलेल्या आवरणावर खडूनं खूण केली आणि दात्यांचे तुकडे रुमालात बांधून घेतले, मापाला.

माळावर अजून एक एकर उभा होता. तो त्यांनी विळ्यांनी कापला. भातकापणीतून सवड काढून शेजारी आले, आणि त्या बदल्यात काकी आणि पुतण्या त्यांच्या भातावर गेले. गवत तीन उन्हं खात पडू दिलं, रोज दुपारी उलटलं, पेंढ्या बांधल्या आणि जुन्या पद्धतीनं गंज रचली, खाली फांद्यांचा थर, मध्ये उंच, कडेला उतरती, म्हणजे चुकून सर आली तरी पाणी घसरून जावं. रोज संध्याकाळी पुतण्या स्वतः गंजीत पहार खुपसून पाहायचा. ती एकदाही तापली नाही, पण त्यानं पाहणं सोडलं नाही.

व्यापाऱ्याची गाडी आली ती अर्धीच भरली. तो कुरकुरला. पुतण्यानं त्याला वाया गेलेला ढीग दाखवला आणि म्हणाला, "हे गठ्ठे कडेनं चांगले दिसतात. मी कडेला लावून भरले असते तर तुम्हाला तबेल्यात उतरवेपर्यंत कळलं नसतं." व्यापाऱ्यानं एक गठ्ठा पायानं उलटा केला, पाहिला, आणि भाव न पाडता अर्ध्या गाडीचे पैसे दिले. भाड्यातला फरक मात्र त्यानं कापला, आणि तो कापणं रास्तच होतं.

बुरशीचं गवत म्हशींना घातलं नाही. काकीला ते घालून पाहावं असं सुचवणारे भेटले. म्हणाले, झटकून घाला, म्हशीला काय कळतंय. बुरशीच्या गवतानं गुरं आजारी पडतात, गाभण म्हैस गाभडते, आणि ते झटकणाऱ्या माणसाच्याही छातीत भुकटी जाते. तिनं ते सगळं खड्ड्यात घातलं, शेण कालवलं आणि पावसाळ्यापूर्वी भाताच्या खाचरात पसरलं.

बेलर हिवाळाभर मिस्त्रीच्या दारात उभा होता. तसाच एक मोडीत निघालेला बेलर मिळाला, त्याचा गिअरबॉक्स काढून याला बसवला. गोठ्याचा पत्रा त्या वर्षी बदलला नाही. जुन्यावरच डांबर लावलं.

पुढच्या हंगामात पुतण्यानं कापणीचे तुकडे लहान केले. एका वेळी एकच एकर, जेवढं दोन-तीन उन्हांत वाळेल आणि एका दुपारी बांधून होईल तेवढं. बांधणी अकराच्या आधी नाही, आणि हवेत गारवा आला की बंद. व्यापाऱ्याला त्यानं आधीच सांगितलं की गाडीचा दिवस मी ठरवणार नाही, गवत ठरवेल. ढीग रचून दोन आठवडे पहार गार निघाली की मग फोन करीन. व्यापाऱ्याला ते आवडलं नाही, पण गेल्या वर्षीचा अर्धा ट्रक तबेलेवाल्याला आवडला होता, त्यामुळं तो थांबला. ट्रॅक्टरच्या मडगार्डला मऊ बोल्टांचा डबा तारेनं बांधलेला होता. त्या हंगामात दोन तुटले. एक दगडानं. दुसरा तुटला तेव्हा पुतण्या उतरला, ओळीतून गवत उपसलं, पीळ दिला, आणि ट्रॅक्टर घेऊन घरी आला. काकीनं विचारलं नाही काय झालं म्हणून. तिनं जेवायला वाढलं, आणि दुपारी दोघं दाताळी घेऊन माळावर गेली.

आपलं उरकल्यावर ओहोळापलीकडचा एक शेतकरी बेलर भाड्यानं मागायला आला. त्याच्या घरी लग्न होतं, मांडव पडायच्या आत त्याला माळ मोकळा करायचा होता. पुतण्यानं बेलर दिला. बरोबर डबा दिला, पण त्यात दोनच बोल्ट ठेवले.

"एवढेच?" तो म्हणाला. "चार-सहा दे रे, घाई आहे."

"पहिला तुटला तर खोड, दगड बघ आणि दुसरा घाल," पुतण्या म्हणाला. "दुसरा तुटला तर मला फोन कर. तिसरा मी स्वतः घेऊन येईन."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडून तो शेतकरी जरा चिडून म्हणाला, "दोन्ही तुटले. तिसरा घेऊन ये." मग थोडा वेळ नुसता ट्रॅक्टर बंद केल्यावरची शांतता ऐकू आली, आणि गवत मोडल्याचा आवाज आला नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "वाकतंय. दुपारी तीनला ये, आणि येताना दोन दाताळी आण."